दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पळायचं माझं मीच ठरवलं आणि पहिल्याच दिवशी फजिती करून घेतली.

झालं असं, की दिवाळीनंतर डाळिंबाच्या बागेत काम करताना माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलं. तेही निसटतं. एरवी हळद दाबली की चार दिवसांत खपली धरते. ही जखम महिना झाला तरी ओलीच. दहिवडीला डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनी पायाकडं बघायच्या आधी बोटातलं रक्त काढलं आणि मग दंडातलं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एक तपासणी असते. तिचा आकडा साडेसहा झाला की साखरेचा आजार धरतात. माझा नऊच्या पुढं होता.

मला आकडा कळला नाही, पण जखम कळली. आमच्या वडलांचं आधी एक बोट काढलं होतं, मग चवडा, मग गुडघ्याखालून पाय. शेवटची तीन वर्षं ते ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघायचे. तोंडाकडं नाही, पायाकडं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भाकरी मोजून खायला सांगितली, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही म्हणाले. आणि जखम भरली की रोज पाऊण तास चाला. येताना एसटीत बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "मी बी येनार तुमच्यासंगं. वाटंत चक्कर आली तर कोन बगनार तुमास्नी?"

आता पळण्याचं खूळ कुठनं आलं, ते सांगतो.

आमच्या माणदेशात पोराला मिसरूड फुटली की ते पहाटे पळायला लागतं. रानात पाणी नाही, हाताला काम नाही, मग एक तर मिलिटरी, नाहीतर पोलीस, नाहीतर मुंबई. मीही 1992 ते 1994 अशी तीन वर्षं पळालो. मारुतीच्या देवळापासून फाट्यापर्यंत अडीच किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. अनवाणी. कॅनव्हासच्या बुटांचा एकच जोड होता, तो भरतीच्या दिवसासाठी राखून ठेवलेला. भरतीला सोळाशे मीटर पळवायचे, मैदानाला चार फेऱ्या. तिन्ही वेळेला मी पहिल्या घोळक्यात आलो आणि तिन्ही वेळेला छातीला अडकलो. छाती 77 सेंटिमीटर लागायची, फुगवून वर आणखी 5. माझी फुगवून 5 काय 6 वाढायची, पण मुळातच 75. तिसऱ्या वेळेला टेप धरणाऱ्या जवानानं नुसती मान हलवली आणि पुढच्याला हात केला. त्या रात्री कोल्हापूरच्या स्टँडवर मी बूट काढले, बाकड्याखाली सारले आणि तसाच गाडीत बसलो. त्यानंतर पळालो नाही. सुटलेल्या म्हशीमागं पळालो असेन, ते धरायचं नाही.

तर माझा समज असा, की हे अंगात असणारच. एकदा पोहायला आलेला माणूस विहिरीत बुडत नाही, तसं. नुसतं चालायला मी काय म्हातारा झालोय? पन्नाशीच तर आहे.

फेब्रुवारीत सुरुवात केली. पहाटे पाचला निघायचं ठरलं. पण गावात नवरा-बायकोनं पहाटे दोघांनीच रस्त्यानं जायचं म्हणजे चार जणांना उत्तर द्यावं लागतं. कुणाच्या मैतीला निघाला का, दवाखान्यात नेताय का. त्यावर बायकोनं तोड काढली. दुधाची किटली बरोबर घ्यायची. दूध संस्था सहाला उघडते. किटली संस्थेच्या पायरीवर नेऊन ठेवायची आणि पुढं सटकायचं. विचारलंच कुणी तर, दूध घालायला आलो होतो, जरा पाय मोकळे करतोय. पहिला महिनाभर आमचं पळणं त्या किटलीच्या आडोशानं चाललं.

पहिल्या दिवशी मारुतीला हात जोडले आणि निघालो ते थेट भरतीच्या चालीनं. बायको साडी आवरून, पायात स्लीपर घालून मागनं येत होती. रस्त्याकडेला विजेचे खांब आहेत. एक गेला, दोन गेले. तिसऱ्याला कानात ठोके ऐकू यायला लागले. चौथ्याला बरगडीखाली अशी चमक भरली, की खुरप्यानं उकरावं. पाचव्या खांबाला मी दोन्ही हातांनी कवटाळलं. ती बऱ्याच वेळानं आली. स्लीपरचा चटक चटक आवाज जवळ आला आणि थांबला. मी मान वर केली नाही.

"भरतीला निगाला हुता व्हय?" ती म्हणाली.

मग आठ दिवस नडग्या अशा दुखल्या, की शौचाला बसायची पंचाईत. पुन्हा दहिवडी. डॉक्टर चिडले. छातीची पट्टी काढली, ती ठीक आली. मग म्हणाले, पळा, पण तीन गोष्टी. बूट घ्या, आणि आलात की रोज तळपाय बघा, फोड आला की त्या दिवशी बंद. खिशात गुळाचा खडा ठेवा, गोळ्या चालू आहेत, साखर एकदम उतरली तर घाम फुटेल, हात थरथरतील, तेव्हा तोंडात टाकायचा. आणि पळताना बोलता आलं पाहिजे. एक वाक्य सलग बोलता आलं नाही, की समजायचं, जोर जास्त झाला.

बूट दोन जोड घेतले. खरं तर मी एकच मागत होतो. दुकानदार म्हणाला, "वहिनींना?" मला सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "नको, मला स्लीपर बऱ्या." पण पाय मात्र तिनं पुढं केला. असा झटकन पुढं केला, की मी बघतच राहिलो.

दुसऱ्या खेपेला तिनंच हिशोब घातला. दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं. परत दोन खांब पळायचं. आठवडाभर तेच. पुढच्या आठवड्यात तीन पळायचं, तीन चालायचं. आमच्या रस्त्याला दोन खांबांत साधारण पन्नास मीटर अंतर पडतं, म्हणजे शंभर मीटर पळणं आणि दीडशे चालणं. मला लाज वाटायची. शंभर मीटर पळणं म्हणजे काय पळणं? आणि तेही कसं, तर शेजारनं माणूस भरभर चालत निघाला तर पुढं जाईल असं. मी जरा जोर केला की ती मागनं म्हणायची, "बोला बगू कायतरी." मी तोंड उघडायचो, शब्द यायचा नाही. मग गुमान हळू व्हायचो.

हे बोलायचं प्रकरण मात्र अवघड गेलं. पळण्यापेक्षा अवघड. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षांत आम्ही काय बोललो, तर लाइट आली का, मोटर चालू केली का, पेंड संपली, पोरीची फी भरायची. घरात आई, भाऊ, भावजय, पोरंबाळं, गड्यांची येजा. नवरा-बायकोनं नुसतंच बोलत बसायला जागा नव्हती आणि सवयही नव्हती. बाहेर निघालो तरी मी पुढं आणि ही चार पावलं मागं, डोक्यावर पदर. जत्रेला गेलो तरी तसंच. मागं बघायचं ते आली का एवढंच. आता ही शेजारनं पळायची आणि डॉक्टरचं फर्मान की बोला. पहिले पंधरा दिवस मी खांब मोजून दाखवायचो. "सोळा. सतरा. अठरा." तीही हसायची नाही, "बरं" म्हणायची. मग कुणाच्या रानात काय पेरलंय ते झालं. मग शेजाऱ्यांची भांडणं झाली. मग एक दिवस सहज, आमच्या दुसऱ्या बाळंतपणातलं जे मूल गेलं, त्याचं तिनं काढलं. चालायच्या तीन खांबांत काढलं आणि पळायचे खांब आले की गप्प बसली. पुढच्या चालायच्या खांबांना पुन्हा तिथनंच सुरू केलं. सात-आठ खेपांत पुरं सांगितलं. मी त्या वेळी घरी नव्हतो, डाळिंबाची गाडी घेऊन वाशीला गेलो होतो. त्या दिवशी काय काय झालं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. येताना दोघं चालतच आलो.

गावाला कळायचं ते कळलंच. भरतीची पोरं आम्हाला मागं टाकून जायची, "नाना, हाना" म्हणायची. आता पोरीही पळतात. आमच्या वेळी एक नव्हती. पोलीस भरतीला पोरींना आठशे मीटर असतात, त्यासाठी चार-पाच जणी ट्रॅक पँट घालून पळतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. त्यांचं बघून बायकोनं आधी पोरीचा जुना पंजाबी ड्रेस काढला, पुढं ट्रॅक पँटवर लांब कुडता घातला. चौकातल्या एकानं मला विचारलं, "काय नाना, वहिनीला भरती करताय काय?" मी म्हटलं, "तिची छाती भरते, माझीच भरत नाही." तो हसला, मीही हसलो, पण ते वाक्य माझ्या तोंडातनं कसं गेलं याचं मलाच नवल वाटलं. भरतीचा विषय मी तीस वर्षं कुणापुढं काढला नव्हता.

आई वेगळीच. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची, पाठीला मोठा भाऊ बांधून, जाऊन येऊन दहा-बारा किलोमीटर. सुकडीवर दिवस काढले. तिनं आमचे बूट ओसरीवर बघितले आणि म्हणाली, "आमी प्वाट भरायला चालायचो. तुमी प्वाट उतरवाया पळताय. चांगलं हाय बाबा." यात टोमणा किती आणि समाधान किती, ते मला अजून उलगडलेलं नाही.

चैत्रात एक दिवस बायको उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस मी एकटाच गेलो. मला वाटलं, कंटाळली. बायकांचं काय, चार दिवसांची हौस. (हे मी मनात म्हटलं होतं. इथं लिहितोय, कारण म्हटलं होतं.) एकट्यानं पळताना पाय जड व्हायचे, बोलायला कुणी नाही म्हणून जोर व्हायचा आणि चौथ्या दिवशी फाट्याच्या अलीकडं घाम फुटला, तो थांबेना. बोटं थरथरायला लागली. खिशात हात घातला तर गूळ नाही. गूळ रोज तीच ओढणीच्या टोकाला बांधून आणायची, माझ्या खिशात तो कधी नव्हताच. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत कसा पोचलो, मला आठवत नाही. टपरीवाल्यानं मूठभर साखर तोंडात घातली.

घरी आलो, तर ही गोठ्यात शेण काढत होती. मी तिथंच पायरीवर बसलो. बसल्या बसल्या पहिल्यांदा मोजलं. पाचला पळायला निघायचं म्हणजे ही साडेतीनला उठत होती. शेण, झाडलोट, पाणी तापवणं, धारा, किटली भरणं. आल्यावर चूल, डबे, आईचं औषध. मी पावणेपाचला उठून बूट घालत होतो. पळायचा वेळ मी माझ्या झोपेतनं काढला नव्हता, तिच्या काढला होता.

"सांगायचं नाहीस का?" मी म्हटलं.

"काय सांगायचं त्यात," ती म्हणाली. "दिसतंय की."

दुसऱ्या दिवसापासनं शेण आणि झाडलोट माझ्याकडं. पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्याकडं जाताना भावजयीनं तोंडाला पदर लावला. आई म्हणाली, "ह्ये बगायचं ऱ्हायलं हुतं." करू दे. शेण उचलायला वाकण्यानं पोटऱ्या मोकळ्या होतात, हा माझा अनुभव आहे, डॉक्टरांना विचारलेला नाही.

पाऊस लागायच्या आधी सासरवाडीला जाणं झालं. सासूबाई थकल्यात. त्यांच्या माजघरात भिंतीतल्या फळीवर एक पितळी रंगाचा कप आहे, दोन कानांचा, रंग उडालेला. सासूबाई त्यात सुटे पैसे ठेवतात. लग्न ठरवायला गेलो तेव्हापासून तो मी बघतोय. आमचा मेहुणा कबड्डी खेळायचा, त्याचा असणार, हे मी न विचारता धरून चाललो होतो. त्या दिवशी पळण्याचा विषय निघाला आणि सासूबाई म्हणाल्या, "तिला काय, ती पैल्यापासनंच हरणी. कप काय उगं दिला हुता व्हय?"

मी म्हटलं, "कुठला कप?"

चारशे मीटर. नववीत असताना, 1994 साली. तालुक्यात पहिली आली म्हणून हायस्कूलच्या सरांनी तिला साताऱ्याला शाहू स्टेडियमवर नेलं होतं. तिथं चौथी आली. सरांनीच त्यांना शिकवलं होतं, आधी थोडं पळायचं, थोडं चालायचं, झाडं मोजायची. पुढं दहावी झाली, शाळा सुटली, शाळेबरोबर पळणं सुटलं, 1998 ला लग्न झालं. मी कोल्हापूरला तिसऱ्यांदा नापास झालो, त्याच वर्षी ही साताऱ्यात पळत होती. आणि मी इतके दिवस तिला पळायचं कसं ते शिकवत होतो. हात असे ठेव, श्वास नाकानं घे. ती "बरं" म्हणायची.

येताना मी विचारलं, "मला कधी बोलली नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?"

त्या रात्री मला रिओची शर्यत आठवली. ललिता बाबर आमच्याच माण तालुक्यातली, मोहीची. 2016 साली ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली. ट्रॅकवरच्या शर्यतीत आपल्या देशातली बाई अंतिम फेरीला पोचली ती पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी. 15 ऑगस्टच्या संध्याकाळी साऱ्या तालुक्यातले टीव्ही चालू होते. त्या शर्यतीत अडथळ्यांवरून उड्या मारायच्या असतात आणि एका अडथळ्यापलीकडं पाण्याचा खड्डा असतो. आमच्या घरात कुणीतरी म्हणालं, दुष्काळी तालुक्यातली पोरगी, हिला पाण्यात पाय घालायचं जिवावर येणार बघा. सगळे हसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला, आईनं हाक मारली, तरी ही जागची हलली नाही. ललिता दहावी आली. मी तेव्हा बायकोला म्हटलेलं मला चांगलं आठवतं. "अगं, भाकरी बघ."

श्रावणात तपासणीचा आकडा सात पूर्णांक काहीतरी आला. गोळ्या सुटल्या नाहीत, डॉक्टर म्हणाले, सुटतील अशा आशेवर पळू नका. अंगठ्याची जखम बुजलीये, तिथं आता नुसता पांढरा वण आहे. खांब वाढत गेले. दहा पळायचे, दोन चालायचे. मग वीस. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मारुतीपासनं फाट्यापर्यंत, पन्नास खांब, न थांबता गेलो. वीस मिनिटं लागली. एकोणीस वर्षांचा असताना मला नऊ-दहा लागायची. टपरीवाल्यानं बिनसाखरेचा चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ही माझ्यासाठी हळू पळत होती. पहिल्यापासनंच. बोलताना तिला कधी धाप लागायची नाही. मी दमलो की ती आपणच म्हणायची, "थांबा जरा, माझ्या पायात गोळा आला." तो गोळा बरोबर माझा दम संपला की यायचा.

दसरा झाल्यावर एक दिवस, धुकं होतं, पंधराव्या खांबाला मी म्हटलं, "तू हो पुढं."

"का वो? गूळ देऊ?"

"गूळ माझ्या खिशात आहे. तू हो पुढं. फाट्यावर भेटू."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग रस्त्याकडं बघितलं. मागं वळून बघितलं, रस्त्याला कुणी आहे का. कुणी नव्हतं. तिनं ओढणी छातीवरून घेऊन कमरेला करकचून बांधली आणि गेली.

मी तिला पळताना तोवर फक्त शेजारनं बघितलं होतं, समोरनं जाताना बघितलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांची बाई, दोन बाळंतपणं, गोठा, रान. पाय जमिनीला टेकत होते की नाही असं वाटावं, असा आवाज. चार खांबांत ती लिंबाच्या वळणाला लागली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. मी माझ्या चालीनं जात राहिलो. बोलायला कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं खांब मोजले.

फाट्यावर पोचलो, तर ती टपरीच्या बाकड्यावर बसली होती, तोंड लालबुंद, केस सुटलेले, आणि टपरीवाला तिच्याकडं नुसता बघत होता. मी शेजारी बसलो. बराच वेळ दोघं काही बोललो नाही.

मग ती उठली. "चला," म्हणाली, "किटली पायरीवर हाय. साडेसहा झालं, संस्था बंद करतील."